तिसऱ्या टेकमधला आवाज

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक — वय त्रेपन्न, वजन विचारू नये — भुताखेतांवर काडीचाही विश्वास ठेवत नव्हता. शॉक बसला तर अर्थिंग बघायचं, लिंबू-मिरची नाही, हे माझं तत्त्वज्ञान. राजारामपुरीत माझं अँप, म्हणजे अँप्लिफायर, दुरुस्तीचं दुकान आहे. आणि जुन्या रेकॉर्डवरचा गिटारचा फझ — म्हणजे तो मुद्दाम फाडलेला, गुरगुरणारा आवाज — हुबेहूब पुन्हा तयार करणं, हा माझा नाद.

गेल्या वर्षी मगदूम काका आले. कबनूरचे, यंत्रमागवाले, पंचाहत्तरी ओलांडलेले. हातात टेपचं स्पूल, सुतानं बांधलेलं. मी गाठ सोडवायला गेलो, सुटेना.

"ऱ्हाऊ दे मिस्त्री. मागावरची गाठ हाय ती. त्यातनं मी डावखुरा, माझी उलटी पडती. अख्ख्या कबनुरात अशी दुसऱ्या कुणाची न्हाय."

टेपवर त्यांचे थोरले भाऊ होते, अण्णा. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. इथल्याच एका स्टुडिओत एका गाण्याचे तीन टेक झाले. काकाही तिथं होते, पेट्या-वायरी सांभाळायला. पहिल्या दोन टेकमध्ये मागं सतत घरघर. तिसऱ्यात घरघर गायब, आणि फझ असा स्वच्छ की अंगावर काटा यावा... सोलो अर्ध्यावर तुटतो. हातात गिटार, ओठ माइकला लागले, आणि शॉकनं अण्णा जागच्या जागी गेले.

"स्टुडिओच्या ऑपरेटरनं अर्थिंग दिलं नव्हतं," काका म्हणाले. "आमच्या वडलांनी दारात तुडवला त्याला. परत कुणी काम दिलं न्हाय. गेला बायकापोरं घिऊन कुठंतरी." मग कानाला हात लावून म्हणाले, "ह्ये चाललंय माझं. पार जायच्या आधी अण्णाचा त्यो आवाज एकदा समोर ऐकायचाय. टेपवरचा नगं. जिता."

तीन महिने झटलो. भंगारातल्या रेडिओंमधून त्या काळचे ट्रान्झिस्टर काढले, तसलाच व्हॉल्व्हचा अँप उभा केला. पहिले दोन टेक हुबेहूब जमले. तिसरा काही केल्या जमेना, कारण घरघर जाईना.

ठरल्या दिवशी सकाळी अँपला नवा थ्री-पिन प्लग मी स्वतः बसवला, तिन्ही वायरी ओढून बघितल्या. अकराला काका आले. समोरच्या खुर्चीत बसले, मधे एकदाही उठले नाहीत. रेकॉर्डिंगसारखाच माइक लावून मी वाजवायला लागलो. घरघर होतीच... आणि सोलोच्या तोंडाशी ती थांबली. नळ बंद करावा तशी. माझ्या बोटांखालून तिसरा टेक येत होता! काय सांगू, मनात लाडू फुटायला लागले. काकांचे डोळे मिटलेले, गालावर पाणी. काहीतरी फुशारकी मारायला मी माइककडे वाकलो — आणि ओठाला बारीक चिमटा बसला. मुंग्या चावल्यासारखा, करंटचा.

गिटार टाकली. मेन बंद केला. प्लग खोलला.

आत हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कापलेली. घरघर घालवायची ही जुनी चोरवाट आहे. अर्थिंग तोडलं की आवाज स्वच्छ होतो, आणि वाजवणारा शॉकला उघडा पडतो. कापलेल्या टोकावर सूत गुंडाळलेलं होतं, पिवळं पडलेलं, बोट लागताच भुगा होणारं. वर गाठ. उलटी.

सकाळपासून त्या प्लगला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. वर्ष झालं, डोकं खाजवतोय, उत्तर नाही. प्लग ड्रॉवरमध्ये आहे. कुणा शहाण्याला तपासायचा असेल तर या, चहा माझ्याकडून.

त्या दिवशी मात्र मी तो तसाच काकांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी गाठ अंगठ्यानं चाचपली. एकदा. परत एकदा. मग माझ्याकडे नाही, अँपकडे बघत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अण्णाच म्हणला हुता की, घरघर तेवढी घालव म्हणून."