ब्राझीलची वाटणी

आमच्या घरात काहीही आलं की त्याचे तीन भाग होतात. आंब्याची पेटी आली की तीन भाग. जमीन होती, तिचेही तीन झाले. सासूबाई एकच आहेत, म्हणून त्यांचे महिने वाटून घेतले. तिघा भावांच्या कुटुंबांनी मिळून ब्राझीलला जायचं ठरवलं, तेव्हा त्या देशाचं काय होणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

ब्राझीलच का, याला तसं कारण नाही. मोठे दीर एका हळदीला गेले होते. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते. पंगतीत सगळे गोदामांचे मालक, कुणाचं दुबई झालेलं, कुणाचं युरोप, एकाने तर आफ्रिकेत जाऊन सिंह बघितलेला. "तुमचा यंदा कुठं?" असं कुणीतरी विचारलं आणि दिरांच्या तोंडून निघून गेलं, "ब्राझील." गावातून तिकडे कुणीच गेलेलं नव्हतं, एवढाच त्यामागचा अभ्यास. हळदीत चारचौघांत बोललेलं मागे घेता येत नाही. साखरपुडा मोडता येतो, हे नाही.

धामणकर नाक्यावर एका साड्यांच्या दुकानाच्या वर टूरवाल्याचं ऑफिस आहे. त्याने आम्हाला समजावलं, "हे कोकण नाही, सकाळी दापोली आणि संध्याकाळी गणपतीपुळे करायला. एका जागेहून दुसरीकडे जायचं तर विमान लागतं. जंगल आहे, वाळवंटासारखी वाळू आहे, धबधबे, समुद्र, शहरं, सगळंच आहे. तुमच्या दिवसांत तीन जागा नीट होतील. निवडा."

तीन म्हटल्यावर निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. प्रत्येक भावाला एक. मोठ्या दिरांनी रिओ घेतलं. तिथे समुद्र आहे, डोंगरावर पुतळा आहे आणि फोटोत लोकांना लगेच ओळखू येतं. धाकट्या दिरांनी मोठा धबधबा घेतला. उरलेला भाग आमचा, आणि तो काय असावा हे माझं ठरलेलं होतं.

आमचा नारपोलीत लूमचा कारखाना आहे. सूत आणणं आणि कापड विकणं नवरा बघतो, कारखाना मी चालवते. तिथे माणूस शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून मी कानात कापसाचे बोळे घालून बसते. एकदा लूम चालू असताना फोनवर बघत होते. मनाऊस म्हणून एक शहर आहे, जंगलाच्या मधोमध. त्याच्याजवळ दोन नद्या भेटतात, एक काळी, एक गढूळ. भेटतात, पण मिसळत नाहीत. कितीतरी अंतर एकमेकींना चिकटून वाहत राहतात आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसते. सांगणारा काहीतरी सांगत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही. ते मी तसंच, बिनआवाजाचं बघितलं, आणि ठरवलं की हे प्रत्यक्ष बघायचं. मी सहसा काही बघायचं ठरवत नाही. काळं पाणी म्हणाल तर आमच्या खाडीलाही आहे, पण त्यासाठी आम्हाला दुसरी नदी लागली नाही, कापड रंगवणारे डाइंगवाले पुरले.

पुढच्या रविवारी मोठ्या दिरांच्या घरी सगळे जमलो. मी मनाऊस म्हटलं.

"रानान?" दीर म्हणाले. "आख्खा जल्म इचू-किरड्यांत गेला. जमिनी इकून कसं तरी बाहेर आलो. आता पैसं भरून पुन्हा रानान जायाचा?"

"मच्छर असतील गं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या बंगल्यामागे नाला आहे.

"त्यापेक्षा," दीर म्हणाले, "गाई बघू. तिथं गीर गाई हायत, आपल्याच देशातून गेलेल्या. हत्तीएवढ्या. मोठमोठे गोठे हायत."

याच दिरांनी बापाची गुरं विकून गोठ्याच्या जागी गोदाम बांधलं. आता ती बघायला समुद्र ओलांडून जायचं होतं, तेही आमच्या वाट्यातून. मी नवऱ्याकडे बघितलं.

"राहू दे," नवरा म्हणाला. "दादा म्हणतो तर गाई बघू."

हे "राहू दे" मी ओळखते. जमिनीच्या वाटणीतही त्याने याच सोफ्यावर बसून, याच आवाजात म्हटलं होतं. रस्त्याकडचा तुकडा दादाला राहू दे. त्यामुळे आज आमची जागा दिरांच्या गोदामाच्या मागे आहे. आमचा टेम्पो आत न्यायचा तर त्यांच्या वॉचमनला हॉर्न द्यावा लागतो, आणि तो चहाला गेला असेल तर तो येईपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा मी सही केली होती, कारण घरात शांतता हवी होती. शांतता मिळाली. टेम्पो अजून थांबतो.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "मला विचारायचं तरी होतंत."

"एवढं काय त्यात? जंगलच तर आहे."

"रस्त्याकडचा तुकडाच तर होता."

तो बाहेर रस्त्याकडे बघायला लागला. रिक्षावाल्याने मात्र आरशातून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी टूरवाल्याकडे गेले. सांगितलं, बाकीचे गाईंकडे जातील तेव्हा माझं एकटीचं मनाऊसचं काढा.

"मॅडम, अकेले?"

"इथपर्यंत कुणाबरोबर आले?"

त्याने फोन उचलला. मी घरी नवऱ्याला सांगितलं आणि पोळ्या करायला घेतल्या. तो स्वयंपाकघराच्या दारात आला. म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील, नवरा गाई बघायला गेला."

त्यानंतर जे झालं ते मी योजलं नव्हतं. तेवढी हुशारी असती तर वाटणीच्या वेळीच दिसली असती. मी फक्त जाऊबाईंच्या कानावर घातलं, की तुम्ही गाई करा, मी तेवढ्यात मनाऊसला जाऊन येते. आमच्या भागात एखाद्याने आडबाजूचा, कुणाला नको असलेला तुकडा मुकाट्याने मागितला, तर बाकीच्यांची झोप उडते. तिकडून हायवे जाणार असेल, याला आतून कळलं असेल. ब्राझीललाही हाच नियम लागू झाला.

संध्याकाळी धाकट्या जावेचा फोन. "वहिनी, तिथं नक्की काय आहे हो?"

"दोन नद्या."

"आणि?"

"आणि काही नाही."

"सांगायचं नसेल तर राहू द्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मोठ्या दिरांनी टूरवाल्याला परस्पर विचारलं, मनाऊसला सोनं स्वस्त आहे का.

पुढच्या रविवारी पोहे झाले होते. धाकटे म्हणाले, आम्हीही गाईंऐवजी तिकडेच येतो म्हणतो. जाऊबाई म्हणाल्या, मच्छर काय, कुठेही असतात. गाईंचं नाव कुणी काढलं नाही.

"मी पयल्यापासून तेच सांगत व्हतो," मोठे दीर म्हणाले. "अशी जागा जगान कुठं न्हाय. मग मनाऊस माझ्या नावावर धरा. रिओ तुमी घ्या. समुद्र हाय, पुतळा हाय. न्हायतरी तुला गर्दी आवडते," हे नवऱ्याला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तसा फरक काहीच पडणार नव्हता. सगळे सगळीकडे जाणार होतो. पण कुणाचा भाग कुठला, हे आमच्याकडे फरक पडण्यासाठी विचारत नाहीत. नवऱ्याने तोंड उघडलं. "राहू" पर्यंत ओठांचा आकार झालेला मला दिसला. मी काही केलं नाही, पोह्यांवर लिंबू पिळत होते.

"दादा," तो म्हणाला, "पोहे गार होतायत."

दिरांनी थोडा वेळ वाट बघितली. नवरा पोहे खात राहिला, मान खाली घालून, सगळे दाणे वेचून. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या बंडखोरीचा हा एवढाच प्रसंग मला आठवतो, आणि तो पुरेसा झाला. मनाऊस आमच्याकडे राहिलं.

एकटीने जायचं मात्र गेलं. होडीत सगळे होते. जाऊबाईंनी आणलेल्या चकल्या फिरत होत्या, धाकट्यांचा व्हिडिओ कॉल चालू होता, पलीकडून सासूबाई "पानी दाखव, पानी दाखव" म्हणून ओरडत होत्या. होडीवाल्याने इंजिन बंद केलं. त्याच्या देशाने पैदा केलेली सगळी शांतता आमच्या लोकांना अपुरी पडली.

मी पर्समधून कापूस काढला, दोन बोळे केले आणि कानात घातले. मग ते दिसलं, अगदी नारपोलीत दिसलं होतं तसं. डावीकडे काळं, उजवीकडे मातकट, मध्ये रेघ.

शेजारी नवरा उभा होता, चकली न खाता. दुसऱ्या बाजूने मोठे दीर वाकून त्या रेघेकडे बोट दाखवत मला काहीतरी तावातावाने सांगत होते. मी एक बोळा काढला.

"...इतकी सरळ हद्द!" ते म्हणत होते. "यांची मोजणी कोणी केली असंल?"

मी बोळा परत घातला.