परदेशाला कुलूप

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. चहाच्या पातेल्याला बुडाशी काजळी चढते तसे ते चढतात. घासायला बसलं की कळतं किती साचलेत!

मी नगरला सावेडीच्या एका कॉम्प्युटर ऑफिसात चहा, झाडू आणि फोन सांभाळायची. नव्वदचं दशक सरत आलेलं, इंटरनेट नवंनवं. शिक्षण माझं चौथी, पण तोंड मॅट्रिकच्या पुढचं. माणसं तिघंच. मालक शिंदे सर, कॉम्प्युटर चालवणारी सुनीता आणि मी. गिऱ्हाईकही धड असं एकच, शिर्डीचे हॉटेलवाले भाऊसाहेब. त्यांची वेबसाइट आमच्याकडं. जगात कुठूनही नाव टाका, खोली राखून ठेवणार, पैसे आल्यावर द्या.

*

एका गुरुवारी भाऊसाहेबांचा फोन आला. गुरुवार म्हणजे शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते.

"आवो बाई, समद्या खोल्या बुक हायेत आन् हॉटेलात कुत्रं बी न्हाई!"

परदेशातलं कुणीतरी टवाळ नुसतं एबीसीडी लिहून खोल्या अडवत होतं. भाऊसाहेबांनी दम दिला, "परदेश बंद करा, न्हाईतर तुमचं काम बंद!"

सुनीताचा चेहरा पडला. हे गिऱ्हाईक गेलं की तिची नोकरी जाणार आणि नोकरी गेली की वैशाखात लग्न. तिच्या वडलांनी स्थळ बघूनच ठेवलेलं.

मी म्हटलं, "स्थळ घाल चुलीत! परदेश बंद कसा करतात ते बोल."

*

तिनं मला समजावलं ते असं. इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. कुठले आकडे कुठल्या देशाला वाटून दिलेत ते शोधायचं. "मावशी, गाडीवर एमएच सोळा दिसलं की आपण म्हणतो ना नगरची? तसं." आकडा परदेशी दिसला की दार बंद.

ती आकडे लावायची आणि शिंदे सर मागं उभे राहून हुकूम सोडायचे. "जर्मनी बंद! ब्राझील बंद! आफ्रिका... अख्खी बंद!"

घरी बायकोपुढं ब्र काढायची हिंमत नव्हती या माणसाची. इथं खंडंच्या खंडं बंद करत सुटला!

*

भाऊसाहेबांनी मोठ्या हौसेनं हॉटेलात स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. पेढे वाटले, चार पाहुणे जमवले आणि आपली वेबसाइट उघडली. पडद्यावर आलं, 'आपल्या देशासाठी ही सेवा बंद आहे.'

फोनवर आवाज असा, की मी कानापासून लांब धरला. "मी शिर्डीत बसलोय का अमेरिकेत?"

झालं होतं असं, की त्यांना इंटरनेट देणाऱ्यानं आपले आकडे अमेरिकेच्या कंपनीकडून घेतलेले. सुनीता घाबरून तत-पप करायला लागली. मी फोन हिसकावला.

"भाऊसाहेब, एमएच सोळाची जीप पुण्यात फिरत न्हाई का? तसं तुमी कागदावर अमेरिकेत, बुडानं शिर्डीत!"

म्हटलं, गेलं गिऱ्हाईक.

मग आवाज आला, "थांबा, बायकोला सांगतो. कुठं फिरवून आनलं न्हाई म्हनून रोज बोलती!"

*

सुनीताचे वडील एमआयडीसीत कारखान्याच्या गेटवर वॉचमन. एक दिवस लेकीचं काम बघायला आले. जयभीम झाला, चहा झाला.

"दिवसभर करती काय गं तू?"

"अण्णा, कोण कुठल्या देशातनं आलाय बघायचं. आपला असला तर आत, न्हाई तर बाहेर."

अण्णा खुर्चीतून उठलेच. "म्हंजी माझीच ड्युटी! आन् तुला त्याला पंखा देत्यात?"

हसलो सगळे. पण निघताना दारात थबकून म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं की सांग. पावण्यांना निरोप धाडायचा हाय."

मी म्हटलं, "अण्णा, पावण्यांना तवर चहा पाजत बसा!"

*

टवाळांच्या बुकिंगा थांबल्या. आम्ही हुश्श केलं. आणि भाऊसाहेबांचा फोन, "त्या पोरीला घिऊन आत्ताच्या आत्ता शिर्डीला या."

एसटीत सुनीता बंद केलेल्या देशांची यादी तपासत बसली. मी मात्र राहुरीपर्यंत भांडणाची सगळी तयारी करून ठेवली.

हॉटेलात गेलो तर भाऊसाहेबांच्या मंडळी एका परक्या म्हातारीला जेवू घालत होत्या. साडी नेसलेली, डोक्यावर उन्हाची हॅट, आणि बोलत होती मराठी!

"ही मॉरिशसची," भाऊसाहेब म्हणाले. "हिनं खोली मागितली आन् तुमच्या कॉम्प्युटरनं हाकलून लावली!"

म्हातारी भाकरी मोडत म्हणाली, "आमचा पणजा रत्नागिरीकडून जहाजात गेला. मशीन मला बोलली, तुझा देश बंद. मी बोलली, मशीनला काय ठाव? विमानात बसली नि आली."

सुनीता पुढं झाली. "भाऊसाहेब, चूक माझी. पण परदेश उघडला तर ते टवाळ परत शिरतील. तुम्ही काम काढून घेणार असाल तर..."

"काढून घ्यायचं तर आधी माझ्याशी बोला!" मी पदर खोचला.

भाऊसाहेबांनी हातानंच मला गप्प केलं. "परदेश बंद म्हंजी बंद. मी शब्द फिरवीत न्हाई."

सुनीतानं मान खाली घातली.

तिकडं म्हातारी भाऊसाहेबांच्या मंडळींना म्हणत होती, "वाढ गो अजून थोडं पिठलं."

भाऊसाहेब तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, हिचा देश परदेशातनं काढ. आपल्या जिल्ह्यात टाक."

सुनीतानं डोळे पुसले. पर्समधून पेन काढलं.

"तालुका कोणता टाकू?"

"शिर्डीचाच की! कोपरगाव!"