अडलं तिथं रेघ

ठोंबरे सरांना वर्गात खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नाही. खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची आणि सर फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालायचे. त्यांच्याकडे बघता बघता आमच्या माना दुखायच्या. कुणी बसा म्हटलंच, तर उत्तर ठरलेलं होतं, "बसलेल्या माणसाचं डेरिव्हेटिव्ह झीरो." जे हलत नाही त्याच्या बदलाचा दर शून्य, हे कॅल्क्युलस आम्ही पुस्तकाआधी त्यांच्या चपलांवरून शिकलो.

मी बोरी अरबहून दारव्ह्याला काळीपिवळी जीपनं कॉलेजला यायची. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक. वर्गाचा निकाल बरा लागला, काही कुरबुर झाली नाही, तर पुढच्या वर्षी बोलावणं. नाहीतर केळापूरकडच्या आपल्या गावी परत. कॉलेजात असल्या गोष्टी शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असतात. त्यामुळे आम्ही खूश होतो. ज्याची नोकरी आमच्या निकालावर, तो गुण देताना हात कशाला आखडता घेईल?

झालं उलटंच. अंतर्गत गुण म्हणजे आमच्याकडे लग्नातल्या अक्षता, आलेल्या प्रत्येकाला मूठभर मिळायच्याच. वीसपैकी अठरा कुणालाही. सरांनी पहिल्या चाचणीत मला चार दिले. बारावीला पेपरात फोटो छापून आलेली मी! तावातावानं त्यांच्यामागे गेले. मागेच जावं लागायचं, कारण ते उभे राहतील तर शपथ. व्हरांड्यात त्यांच्या बरोबरीनं धापा टाकत मी म्हटलं की सर, उत्तर तर बरोबर आहे.

"उत्तर पुस्तकाच्या मागं छापलं आहे," सर म्हणाले. "मधात काय झालं, थे सांग."

मधात मी गडबड केली होती. एक पायरी सुचेना, म्हणून शेवटचं उत्तर खालून वर ओढून आणलं आणि दोन्ही टोकं कशीबशी बांधून टाकली. सरांनी नेमकं त्या गाठीवर बोट ठेवलं. त्या दिवशी मला या माणसाचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला आपला कायदा सांगितला. "पोट्टेहो, अडलं तिथं रेघ मारा. खाली लिहा, इथं अडलो. काहून अडलो, थेही लिहा. कारण बरोबर असन तर एक गुण माह्याकडून. अन् जोडजाड केली तर अख्ख्या प्रश्नाचा भोपळा." शिवाय चाचणी पुन्हा पुन्हा देता यायची. ज्या रेघेवर अडलो, तिच्यापुढचं शिकून या आणि गुण वाढवून घ्या. कुणी रेघ मारली की सर तिथंच उभ्याउभ्या विचारायचे, "पुढं काय?" आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या बाकाकडे निघून जायचे. ते परत येईपर्यंत डोकं चालवावंच लागायचं. हळूहळू आम्हाला त्याचं वेडच लागलं. घरी आई भाजीत मीठ विसरली, की मी ताटाकडे बोट दाखवून म्हणायची, आई, इथं रेघ मार. वर्ष संपता संपता माझे चाराचे सोळा झाले, आणि त्या सोळांचा मला बारावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त अभिमान होता.

मग विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा आली. मीन व्हॅल्यू थिअरमचा एक प्रश्न असा वाकडा निघाला, की निम्मा वर्ग एकाच पायरीवर अडकला. आणि निम्म्या वर्गानं, कुणी कुणाला न विचारता, रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'इथं अडलो, कारण...' ही परीक्षा सरांची नाही, पेपर तपासणारा परका आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मीही लिहिलं.

निकालाच्या दिवशी आमच्या वर्गापुढे 'राखून ठेवला' असा शेरा होता. इतक्या उत्तरपत्रिकांत एकच वाक्य, तेही परीक्षकाला उद्देशून! विद्यापीठाला वाटलं, ही खुणेची भाषा, नाहीतर सामूहिक कॉपी. दुसऱ्या वर्षाचे प्रवेश तोंडावर आलेले. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, आम्हा दोघीतिघींनाही बोलावलं. आम्ही दारातच उभ्या होतो. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्यांनी सरांना वाट काढून दिली. मुलांनी आपल्या मनानं केलं, असं लिहून द्या. त्यांचा एवढा पेपर रद्द होईल, पुन्हा देतील. तुमची नेमणूक तरी वाचेल.

सर खोलीभर फिरले. मग म्हणाले, "रेघ म्या शिकवली. थ्या पोट्ट्यांनी कायले पेपर पुन्हा द्यावा?"

विद्यापीठात जाताना त्यांनी मला आणि वर्गातल्या वैष्णवीला बरोबर घेतलं. वर्षभराच्या आमच्या चाचण्यांचा गठ्ठा त्यांच्या काखेत होता. एस.टी.त जागा असूनही ते दांडीला धरून उभे राहिले. कंडक्टरनं दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. चौकशीच्या खोलीत एका वयस्कर मॅडमनी तो गठ्ठा शांतपणे चाळला. पानोपानी रेघा, पानोपानी तेच वाक्य, कारण मात्र प्रत्येकाचं निराळं. त्यांनी मला विचारलं की असं लिहिल्यानं गुण मिळतील, असं वाटलं होतं का? मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीशी अस्वस्थ फिरत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "नाही मॅडम. येत नाही ते येतं असं दाखवायची सवय मोडली आमची."

निकाल सुटला. त्या पायरीचे गुण गेले, पण बहुतेक सगळे पास झालो, मीही झाले. आणि चौकशी झालेला माणूस नको, म्हणून सरांना बोलावणं आलं नाही.

कॉलेजातलं उरलंसुरलं सामान न्यायला ते आले होते, तेव्हा दारव्ह्याच्या स्टँडवर मला भेटले. बाकावर बसले होते. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वर्षभर जो विचारून सरांनी आम्हाला हैराण केलं, तोच प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला, "पुढं काय, सर?"

सरांनी चपलेच्या टोकानं मातीत एक आडवी रेघ ओढली.

"इथं अडलो," ते म्हणाले. "काहून अडलो, थे मालूम आहे मले. अन् कारण बरोबर आहे. एक गुण देजो."

मी दिला म्हटलं. मग रडूच आलं. ते उठले, पिशवी उचलली आणि गाडी लागायला वेळ होता तरी स्टँडभर फिरायला लागले.