त्याला तूप नको होतं

आमच्या घरात अशक्तपणावर एकच औषध, साजूक तूप. बाळंतिणीला तूप, तापातून उठलेल्याला तूप. त्यामुळे घोडेगावच्या आमच्या किराणा दुकानात वाढलेला कुत्रा वाळायला लागला, तेव्हा मी त्याच्या पोळीवर तुपाची धार वाढवली.

तो आणखीच वाळला. बरगड्या दिसायला लागल्या. भूक मात्र राक्षसाची. भात, भाकरी, ते संपलं की माती, शेण, पोत्याचा कोपरासुद्धा. आणि माझी तुपाची पोळी तेवढी हुंगून सोडायचा. मला अपमानच वाटला. मी मुळात तापट. "सात जन्मांचा उपाशी, वर नखरे बघा मेल्याचे," म्हणत मी त्याला दोनदा झाडूनं मारलं. आजही ते आठवलं की जिवाला लागतं.

समोरच्या घरातली शेतकरीण हे बघत होती. म्हणाली, "भाभी, आमच्या कोरड्या भाकरीवर कसा तुटून पडतो. त्याला तूप सोसत न्हाई. दवाखान्यात न्या." तिच्याच नवऱ्याच्या जीपमधून आम्ही त्याला मंचरला नेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "याच्या पोटात अन्न पचवणारा रसच तयार होत नाही. तूप तसंच बाहेर पडतं. अंगी काही लागत नाही म्हणून सारखी भूक. तुपानं पोट बिघडतं हे त्याला कळलं, तुम्हाला नाही." आता जन्मभर जेवणात एक भुकटी कालवायची, नाहीतर तो जगणार नाही. ती भुकटी जनावराच्या स्वादुपिंडापासून बनते, हेही त्यांनीच सांगितलं.

आम्ही जैन. घरात कांदा शिरत नाही, सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीही पीत नाहीत. तिथं हे कसं न्यायचं? शेतकरीण म्हणाली, "डबा माझ्याकडं ठिवा. मी घालीन कालवून. त्यात काय लई न्हाई."

दोन वर्षं, दोन्ही वेळा, तिनं घातलं. कुत्रा अंगानं भरला, शेणाकडं बघेनासा झाला. तिचे उपकार कोणत्या तोंडानं सांगू?

गेल्या पावसाळ्यात ती भातलावणीला तळेघरला माहेरी गेली. जाताना घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. सकाळी मी तिच्या ओट्यावर चोरासारखी भुकटी कालवत बसले होते, तेवढ्यात समोरून सासूबाई रस्ता ओलांडून आल्या. मी घाईनं डब्यावर पदर ओढला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कुत्रा आपला, आणि पाप तिच्या माथी का? घरी आण ते." माझ्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी स्वतःच्या बोटांनी भात कालवला आणि कुत्र्यापुढं ठेवला.

लग्न झाल्यापासून सणावाराला त्यांच्या पाया पडत आले होते. मनापासून पडले ती त्या सकाळी.