शेवटच्या हौदातले मासे

कारखान्याचं सांडपाणी साफ होऊन शेवटच्या हौदात येतं. तिथल्या ऑपरेटरभाऊंनी त्यात गावतलावातले मासे सोडलेत. पाळीवर आले की आधी त्यांनाच विचारतात, "काय बे, जित्ते आहा ना?"

परवा मासे वर येऊन तोंडं उघडत होते, म्हणजे पाण्यात रसायन उरलं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन, हौद भरला, नाल्यात सोडा. नाल्याच्या खालच्या अंगाला गावाची शेतं, धानाच्या बांध्या. मी भाऊंच्या हाताखालचा हेल्पर, सातवी शिकलेला, घरापासून इतक्या लांब. नोकरी गेली तर? माझा हात वाल्वकडे गेला.

भाऊ म्हणाले, "भेऊन राहिला का? जा, चाय पिऊन ये. साहेबाले सांगतो, तू इथं नव्हताच."

परतलो तर भाऊ वाल्वच्या चाकावर बूड टेकून डबा खात होते. पाणी हौदातच होतं.

आज मात्र आल्याआल्या आधी मलाच विचारलं, "काय बे, जित्ता आहेस ना?"