धनराजभाऊंची छप्पन्न पत्त्यांची यादी

आमचे शेजारी धनराजभाऊ गडचांदूरच्या पत्तेस्पर्धेचे पंच. एकटेच. रमीचे नव्हेत, जनावरं नि राक्षस छापलेल्या पत्त्यांच्या खेळाचे. खेळाडू साठ पत्त्यांची गड्डी घरूनच ठरवून आणतो, सकाळी तिची यादी पंचाला देतो. यादी चुकली की फेरीच्या तीन डावांतला एक गेला. नियमांचं पुस्तक भाऊ खाणीवरही डब्यासोबत नेतात. त्यांच्याच गाडीवर मी मागे बसतो, म्हणून माहीत.

त्या रविवारी पहिली फेरी चालू होती आणि भाऊ याद्या मोजत होते. एका यादीवर अडकले. छप्पन्न. पुन्हा मोजली, छप्पन्नच. अक्षर प्रेमिलावहिनींचं, म्हणजे त्यांच्याच बायकोचं. यादी चंचलची, वहिनींच्या बहिणीच्या मुलीची. मधली एक ओळ कोरी.

"वाघ गाळला वहिनीनं," मी म्हणालो. वहिनी जंगलाकाठच्या गावच्या. घरातून कोणी निघणार असलं की त्या जनावराचं नाव घेत नाहीत, घेतलं की ते वाटेत आडवं येतं म्हणे; मग लिहितील कशा?

"समजते मले."

"मंग सोडून द्या. घरचीच पोरगी हाय."

"समोरची कोनाची हाय? तिनं साठ लिहून आनले."

"मंग द्या दंड. जेवाले माह्या घरी या."

भाऊंनी असं पाहिलं की मी चहा आणायला उठलो.

परत आलो तर ते चंचलसमोर उभे. "दुसऱ्या फेरीतला पहिला डाव तुझा गेला, बाई."

"मावसाजी, मावशीनं लिहिली ना यादी."

"खाली सही तुझी हाय."

यादी पुरी केल्याशिवाय खेळता येत नाही, आणि चंचल रडत होती, पेन धरेना. शेवटी भाऊंनीच त्या ओळीत लिहिलं: वाघ, चार. दुसरा डाव ती जिंकली, तिसरा हरली. तिची नागपूरची पुढची स्पर्धा हुकली.

घरी हे सगळं सांगायचं पुण्यकर्म मीच केलं. भांडण ऐकायला दारात थांबलोही. पण वहिनी शांत.

"दंड देल्ला, बराबर केलं. पन नाव कोनं लिहिलं?"

"मी."

"मंग आता खाणीवर जंगलाच्या रस्त्यानं जायाचं नाई."

"किती दिवस?"

"मी सांगीन तवा."

तीन महिने झाले. रोज नऊ किलोमीटरचा फेरा, सिमेंटच्या ट्रकांमागे धूळ खात, आणि मागच्या सीटवर मी. फाट्यावर भाऊ गाडी हळू करतात, जंगलाच्या रस्त्याकडे बघतात.

"वहिनीले इचारून पाहा ना," मी म्हणतो.

"तूच इचार. सांगाले तर तूच गेलता."

आणि गाडी सरळ जाते.