धूर की वाफ? चौथीच्या वर्गासोबत वाडी ते मौदा

"सहलीला सगळं नागपूर सोडून मौदा?" आमच्या मुख्याध्यापिका हसल्याच. पण माझं ठरलं होतं.

मी नागपूरला लागून असलेल्या, ट्रकांच्या वर्दळीच्या वाडीतल्या एका शाळेत चौथीला शिकवते. यंदा आम्ही आणि मौद्याची एक शाळा मिळून विकी चालवतो. म्हणजे इंटरनेटवरची अशी पानं, जी दोन्ही वर्गांतलं कोणीही मूल लिहू शकतं, दुरुस्त करू शकतं. मौद्याच्या पानावर आमच्या समीक्षाने तिथल्या वीज केंद्राचा एक फोटो पाहून लिहिलं, 'इथे दिवसभर धूर असतो. इथे कोणालाच राहावंसं वाटत नाही.' दुसऱ्या दिवशी दोन्ही ओळी गायब. समीक्षाने परत लिहिल्या, त्या परत पुसल्या गेल्या. आठवडाभर हेच चाललं. मग तिथल्या मेश्राम सरांचा फोन आला.

"मॅडम, आमची गौरी रडून राहिली. बंदच करून टाकू का हे?"

"बंद नको सर. आम्हीच येतो."

त्या ओळी मी पुसल्या असत्या, तर मॅडमनी सांगितलं म्हणून दोघी गप्प बसल्या असत्या. मला ते नको होतं.

शनिवारी सकाळी पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन भाड्याच्या दोन गाड्यांतून निघालो. शहर ओलांडायचं असेल तर आठच्या आत पूर्वेच्या टोकाची पारडी गाठा, नंतर फार खोळंबा होतो. भंडारा रोडवर पोहे खाल्ले. पोरांसाठी तर्रीचा रस्सा वेगळा मागून घ्या, झणझणीत असतो. पुढे रस्ता उत्तम. कन्हान नदीच्या पुलाच्या आसपास पोरं ओरडली, "मॅडम, धूर!" दूर वीज केंद्राच्या डोक्यावर पांढरे ढग उठत होते. समीक्षा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होती.

शाळेच्या फाटकाशी गौरी उभी होती. दोन घट्ट वेण्या, हाताची घडी. सर आम्हाला तिथून गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेले. केंद्रात परवानगीशिवाय जाता येत नाही, पण इथून सगळं दिसतं.

"ते बुटके, जाडे मनोरे पाह्य," गौरी म्हणाली. "त्यातून वाफ निघते. वर जाऊन गायब होते. चहा उकळतो त्या गंजावरची होते तशी."

समीक्षा बराच वेळ मान वर करून बघत राहिली. ढग खरंच विरत होते.

"अन् तो उंच चिमणीवाला?" तिने विचारलं.

"तो धूर. मी कुठं नाही म्हणते?"

"मग पुसलं काहून वं?"

"खाली दुसरी ओळ होती नं. कोणाले राहावंसं वाटत नाही म्हणे." गौरी गावाकडे वळली. "मले वाटते."

मग समीक्षा हळूच म्हणाली, "मले मालूम नव्हतं." आणि गौरीने पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

जेवायला गौरीच्या आईने केलेली वांग्याची भाजी आणि पोळ्या होत्या. त्यानंतर शाळेच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरपुढे दोघी मौद्याचं पान नव्याने लिहायला एकाच खुर्चीवर बसल्या. 'वाफ' हा शब्द आधी की 'धूर', यावरून अर्धा तास भांडल्या. आम्ही दोघं शिक्षक मध्ये पडलो नाही. मेश्राम सर विकी बंद करण्याबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

संध्याकाळी घरी आले. पाय दुखत होते, मन मात्र खुशीत होतं. पुस्तकातला कुठलाही धडा पोरांनी इतका मान वर करून पाहिला नसता. चहा ठेवून विकी उघडला, तर आमच्या वाडीच्या पानावर गौरीचा प्रश्न आला होता, 'तुमच्याकडे एवढे ट्रक थांबतात, तर ड्रायव्हर काका जेवतात कुठं?'

मला उत्तर माहीत नव्हतं. सोमवारी वर्गात विचारलं, तर तिथेही कोणाला माहीत नव्हतं. समीक्षाच आधी उठली आणि चपला घालून दाराशी जाऊन उभी राहिली.

"चला नं मॅडम, विचारून येऊ."